टप किती इंच कापायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांची 1970च्या दशकातली अँबेसेडर दारात उभी आहे, इंजिन चालू आहे, पत्रा बऱ्यापैकी शाबूत आहे. 1950च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या पोरांनी कापून-जोडून बसक्या केलेल्या मर्क्युरी गाड्यांचे फोटो तुम्ही पाहिलेत, आणि आता विचारताय की टप किती इंच कापावा, म्हणजे काचांच्या कडेच्या खांबांतून किती तुकडा काढून छत खाली आणून जोडावं. शेवटी एक पुस्ती जोडलीय: त्या पोरांकडे गॅसचा टॉर्च आणि हातोडी सोडून काय होतं, त्यांना जमलं तर आपल्याला का नाही?

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात पत्र्याचं काम शिकलो, 1990च्या दशकात नऊ वर्षं सॅक्रामेंटोजवळच्या एका लहानशा बॉडी शॉपमध्ये होतो, आणि परत आल्यापासून जुन्या गाड्याच करतोय. तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाने जन्मभर असल्याच गाड्या केल्या होत्या. माझं म्हणाल तर टप आजवर चारच कापलेत, त्यातला एक बिघडवलाय. एवढ्या शिदोरीवर जे सांगता येईल ते सांगतो.

आधी इंचांचं बघू. या जातीतली सगळ्यात नावाजलेली गाडी म्हणजे बॉब हिरोहाताची 1951ची मर्क्युरी. 1952 साली लॉस एंजेलिसजवळ सॅम आणि जॉर्ज या बॅरिस बंधूंच्या शॉपमध्ये ती झाली. तिचा टप किती कापला? पुढे 4 इंच आणि मागे 7. दोन आकडे का, हे ज्याला कळलं त्याला अर्धं काम कळलं. नुसते 4 इंच सगळीकडून काढले असते तर वर खोकं ठेवलेली मर्क्युरी झाली असती. मागे जास्त दाबल्यामुळे टपाची रेघ पुढच्या काचेपासून उतरत उतरत डिकीत विरघळते. तुम्हाला फोटोत जे आवडलंय ते हे उतरणं आहे. म्हणून तुमचा खरा प्रश्न, माझ्या मते, "ही रेघ कुठून निघून कुठे जायला हवी" असा आहे. ती ठरली की इंच मोजपट्टीच सांगते.

आता हे कापताना होतं काय, ते बघा. 1932च्या फोर्डचे खांब जवळजवळ सरळ उभे. खांबातून 3 इंचांचा तुकडा काढा, वरचा भाग खाली ठेवा, कडा साधारण जुळतात. शिवाय 1930च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच गाड्यांच्या टपाचा मधला भाग कापडी असायचा, अखंड पत्रा नसायचा, त्यामुळे ओढाताण करायला वाव होता. त्यातही हुशार पोरं कन्व्हर्टिबल धरायची. पुढच्या काचेची चौकट कापली की झालं, वर लोखंडी टप नाहीच. मग घडीचं छत बसेना, तर लॉस एंजेलिसच्या कार्सन टॉप शॉपमधून गादीसारखं भरलेलं, अख्खं उचलून काढता येणारं छत शिवून आणायचं. आज ज्याला आपण फॅशन म्हणतो ती मुळात गैरसोयीवर काढलेली तोड होती.

1949च्या मर्क्युरीला मात्र हे काही लागू नव्हतं. तिचा टप अखंड पोलादी, आणि पुढचे-मागचे दोन्ही खांब आतल्या बाजूला झुकलेले. सोपं गणित सांगतो. समजा खांब 45 अंशांत मागे कललाय. त्यातून उभ्या मापाने 4 इंच काढून टप सरळ खाली आणलात, तर टपाकडचा खांब खालच्या थोटकाच्या बरोब्बर 4 इंच मागे उतरतो. मागच्या टोकाला नेमकं उलटं, तिथे टप पुढे राहतो. म्हणजे खाली आणलेला टप दोन्हीकडून आखूड पडला. आता एक तर टप मधून चिरून पट्टी घालून लांब करा, नाही तर खांबच आणखी आडवे करून त्याला गाठा. बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं करावं लागतं. त्यातच मर्क्युरीची मागची काच वाकलेली, ती कापायची सोय नाही. मग ती तशीच ठेवून आणखी झोपवायची. काच झोपली की टपाची मागची कड आपसूकच जास्त खाली येते. मघाच्या 7 इंचांमागे मला तरी हेच कारण दिसतं.

सॅम बॅरिसने हे स्वतःच्या, जवळपास नव्याकोऱ्या 1949च्या मर्क्युरीवर केलं तेव्हा बघून शिकावी अशी उदाहरणं फारशी नव्हती. हातात पैसे देऊन घेतलेली नवी गाडी आणि त्यावर करवत! मला विचाराल तर त्या काळातला खरा पत्र्याचा माणूस सॅम. धाकटा जॉर्ज रंगाचा, फोटोंचा आणि तोंडाचा. मासिकांना फोटो-लेख पुरवून त्याने हे सगळं देशभर पोचवलं, दुकानाच्या नावात कस्टम (म्हणजे मनाजोगी घडवलेली गाडी) हा शब्द 'सी'ऐवजी 'के'ने लिहायला लागला, आणि 1966च्या टीव्ही मालिकेतली बॅटमोबिल त्याच्याच नावावर आहे. सॅम 1967 साली चाळिशीतच गेला, त्यामुळे नाव धाकट्याचं जास्त झालं. आमचा म्हातारा यावर काही बोलायचा नाही, फक्त मर्क्युरीचा फोटो पाहिला की "सॅम" एवढंच म्हणायचा.

त्या पोरांकडे काही नव्हतं, हे तुमचं म्हणणं मला तितकंसं पटत नाही. त्यांच्याकडे चार गोष्टी होत्या, ज्या तुमच्याकडे आज नाहीत.

पहिली म्हणजे शिकवणारा शेजारी. बॅरिस भाऊ सॅक्रामेंटोलगतच्या रोझव्हिलमध्ये नातेवाइकांकडे वाढले. पहिली गाडी 1925ची जुनी ब्यूक. सॅक्रामेंटोतच हॅरी वेस्टरगार्ड नावाचा कारागीर होता, 1936 ते 1940च्या फोर्ड आणि शेव्हरोलेची तोंडं बदलून त्यावर पॅकार्डसारखी उभी, अरुंद ग्रिल बसवायचा. जॉर्ज त्याच्याकडे घुटमळत शिकला, डिक बर्टोलुचीसारखे पुढे नावारूपाला आलेले लोकही त्याच्याच आसपासचे. कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही. गुरूच्या गॅरेजात झाडू मारता मारता हातोडीचा आवाज ओळखायला शिकायचं. आपल्याकडेही पत्र्याचं काम असंच शिकलं जायचं, म्हणून ते मला परकं वाटलं नाही.

दुसरी, भंगारबाजार. 1937च्या डिसोटोचा रेघारेघांचा बंपर, कॅडिलॅकच्या चाकांच्या टोप्या, ब्यूकच्या बाजूची क्रोम पट्टी. हिरोहाताच्या गाडीला 1952च्या ब्यूकची पट्टी आहे आणि दोन रंग तिथेच वेगळे होतात: वर फिका समुद्री हिरवा, खाली गडद हिरवा. दहा कंपन्यांचे भाग एकमेकांना लागू होतील एवढी विविधता तिथल्या भंगारात पडलेली होती. आपल्याकडे चाळीस वर्षं रस्त्यावर होत्या त्या दोन-तीनच गाड्या. भंगारात जाऊन निवडणार काय?

तिसरी, काच. तेव्हाच्या अमेरिकन गाड्यांच्या दारांच्या काचा सपाट आणि दोन थरांच्या चिकटवलेल्या असायच्या. काचवाला हिरकणी फिरवून त्या मापाला कापून द्यायचा. तुमच्या गाडीला आज ज्या टफन्ड काचा असतील त्यांना हिरकणी लावलीत तर साबुदाण्यासारखा चुरा हातात येईल. त्या नव्या करून, मग टफन करून घ्याव्या लागतात.

चौथी सगळ्यात महत्त्वाची: चासी. 1949च्या मर्क्युरीला खाली वेगळी दणकट चासी आहे, बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली. टप कापला तरी गाडीचा कणा जागेवर राहतो. अँबेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिची बॉडी हाच तिचा कणा. टप, खांब, दाराखालचे पट्टे, जमीन, सगळं मिळून वजन पेलतं. तिचा टप कापणं म्हणजे पेटीचं झाकण काढून पेटी उचलण्यासारखं आहे, कुठेतरी पिळवटणार. मी बिघडवलेला टप असल्याच बांधणीच्या गाडीचा होता. आतून आडव्या-तिरक्या पाइपा वेल्ड करून दारांच्या चौकटी बांधून घ्यायला हव्या होत्या. घाईत दोनच लावल्या. चारी खांब कापल्यावर एक दार लागेना आणि समोरचं उघडेना. तीन आठवडे जॅक लावून चौकट सरळ करत बसलो, मालकाला मात्र "काम चालू आहे" एवढंच सांगत होतो.

पत्रा कापायला एक दिवस लागतो. मग पुढचे सहा महिने काय करतात, हे फोटोत दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कापून जोडलेल्या प्रत्येक जागी गॅस वेल्डिंगची शिवण असते. उष्णतेने आजूबाजूचा पत्रा फुगतो, आकसतो, लाटा धरतो. हातोडी आणि डॉलीने (पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्याने) तो बसवायचा, जिथे फुगलाय तिथे तापवून गार करून आकसवायचा. चांगला हात असेल तर शिवण जवळजवळ नाहीशी होते. उरलेला खळगा आज आपण लांबीने, म्हणजे पुटीने, भरतो. तेव्हा आजच्यासारखी लांबी नव्हती. तेव्हा भरायचं ते शिसं.

हे काम तुमच्या आजीने पाहिलेलं आहे, फक्त भांड्यांवर. कल्हईवाला काय करायचा? भांडं घासून लख्ख करायचा, तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील लावून कापसाने फिरवायचा. गाडीवर पहिली पायरी तीच. पत्रा चांदीसारखा घासायचा, आम्लाचा फ्लक्स लावायचा, तापवून कथील-शिशाचा पातळ थर कापडाने पुसून घ्यायचा. ही कल्हई नीट धरली नाही तर वरचं शिसं पापुद्र्यासारखं सुटतं. मग शिशाची कांडी. त्यात साधारण 30 भाग कथील आणि 70 भाग शिसं. हे प्रमाण उगाच ठरलेलं नाही. हा मिश्रधातू 183 अंश सेल्सियसला मऊ व्हायला लागतो आणि पूर्ण पातळ व्हायला 255च्या आसपास जावं लागतं. मधल्या 70 अंशांत तो चक्क्यासारखा असतो, लावाल तिथे राहतो. रेडिओ दुरुस्तीच्या झाळकामाची तार घेतलीत तर त्यात कथील जास्त, ती एकदम पाणी होते आणि उभ्या पत्र्यावरून ओघळून बुटावर पडते. माझ्या पडलीय.

ज्योत मऊ ठेवायची, सतत हलती. कांडीचा शेंडा घाम आल्यासारखा चमकायला लागला की दाबून खुंट ठेवायचा, आणि चरबी किंवा मेण लावलेल्या लाकडी फळीने तो पसरायचा. म्हातारा फळी मेणात बुडवून कानाजवळ न्यायचा, चरचर ऐकून ती किती तापलीय ते सांगायचा. गार झाल्यावर कानस. ग्राइंडर चालवायचा नाही, कारण शिशाची खरी भीती धुळीची आहे. ती छातीत जाते आणि शरीरात साठून राहते. तोंडाला मास्क, कामाचे कपडे वेगळे, आणि त्या हातांनी चहाचा कपसुद्धा धरायचा नाही. त्या काळी ही काळजी क्वचितच कोणी घेतली, पण तुम्ही घ्या.

माझी एक चूक इथे सांगतो. फ्लक्समधलं आम्ल सोड्याच्या पाण्याने धुऊन मारावं लागतं. परत आल्यावर केलेल्या पहिल्याच गाडीत मागच्या खांबापाशी मी ते धुणं आटोपतं घेतलं. रंग आरशासारखा झाला, मालक खूश. पहिल्या पावसाळ्यानंतर त्याच जागी मोहरीएवढे फोड आले, बोटाने दाबले तर आत पाणी. खरवडून सगळं पुन्हा, माझ्या खर्चाने.

हे शिसं पोतंभर चढवलेल्या गाड्यांना तिथे 'लेड स्लेड' म्हणतात, म्हणजे शिशाची घसरगाडी. शब्द प्रेमाचा आहे तसाच टोमण्याचाही. कारण सगळेच सॅम नव्हते. म्हाताऱ्याच्या दुकानात जुन्या कस्टम गाड्या दुरुस्तीला यायच्या, रंग खरवडला की आत पत्रे एकमेकांवर नुसते ठेवून वर बोट-बोट जाड शिसं थापलेलं निघायचं. फोटोतल्या देखण्या गाड्यांमागे अशा कितीतरी असणार. "त्यांना जमलं" म्हणताना ज्यांना जमलं नाही त्यांचे फोटो कोणी काढले नाहीत, एवढं ध्यानात असू द्या.

टप न कापताही गाडी बसकी करणारे होते. बर्बँकच्या व्हॅली कस्टमवाले नील एमरी आणि क्ले जेन्सन बॉडीच्या कमरेतूनच आडवी पट्टी काढायचे. दारं, मडगार्ड, सगळीकडून सारखी. ते काम टपापेक्षा अवघड आणि माझ्या मते जास्त देखणं, कारण कापलंय हे चटकन लक्षातच येत नाही. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये गिल आणि अल आयाला यांचं दुकान होतं, आणि त्याच भागातली मेक्सिकन-अमेरिकन पोरं डिकीत वाळूची पोती टाकून, स्प्रिंगा कापून गाड्या जमिनीला टेकवायची. 1950च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियाने कायदा केला की बॉडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमखाली जाता कामा नये. तर रॉन अगिरे नावाच्या पोराने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक्स लावले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली!

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तुमचाही सांगून टाकतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल करता येत नाही. टप कापलेली अँबेसेडर रस्त्यावर चालवायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका. खाजगी आवारात, प्रदर्शनासाठी ठेवायची असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही आधी आरटीओत विचारून. साधा रंग बदलला तरी आरसी बुकात नोंद लागते.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर आजोबांच्या गाडीला करवत लावली नसती. भावनेचा भाग सोडा. वर सांगितलेल्या कण्यामुळे आणि कायद्यामुळे. पण त्या पोरांनी टपाआधी ज्या गोष्टी केल्या त्यातल्या काही तुम्हाला करता येतील. बोनेटवरची, डिकीवरची अक्षरं आणि चिन्हं काढून भोकं भरा. रंगासाठी दोन महिने ठेवा, दोन दिवस नव्हे. आणि शिशाचं काम शिकायचंच असेल तर भंगारातून अँबेसेडरचा एक जुना टप आणि एक दार आणा. टप चार ठिकाणी कापा, एक इंच कमी करून जोडा, कल्हई करा, भरा, कानसा, आम्ल धुवा, रंगवा आणि एक पूर्ण पावसाळा उघड्यावर ठेवा. दिवाळीला त्यावर फोड नसतील तर तुमचा हात बसला समजा.

आणखी एक, घरबसल्या होणारं. म्हातारा कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी तिचा बाजूचा फोटो मोठा छापून आणायचा, टप कात्रीने कापून काढायचा आणि टेबलावर तो चिमटीने सरकवत बसायचा. खाली, पुढे, जरा मागे झुकवून. कधी तासभर. कधी दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा. एकदा एका गिऱ्हाइकाला त्याने असंच तासभर बसवलं आणि शेवटी कापलेला टप होता तिथेच परत ठेवून म्हणाला, "हिला नको." गिऱ्हाईक चिडून गेलं.

तर आधी हे करा. गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकं सरळ ठेवा. तीस-चाळीस फूट लांब जा, फोन दाराच्या मुठीच्या उंचीवर धरा आणि झूम करून बरोब्बर बाजूने फोटो घ्या. जवळून घेतलात तर मधला भाग फुगीर दिसतो आणि सगळं माप फसतं. तीन प्रती छापा, त्यातली एक अजिबात कापू नका. टप सरकवून जी जागा आवडेल तिथे चिकटवा आणि मला पाठवा, मग पुढच्या-मागच्या इंचांचं बोलू.